पग की कारवानी? आधी गजर कुणाच्या फोनवर, ते ठरवा

पत्राचा गोषवारा: पुण्यात पाचव्या मजल्यावर, दोन बेडरूमच्या फ्लॅटमध्ये राहणाऱ्या एका वाचक भगिनीचं हे पत्र. घरात चौघं: त्या, त्यांचे पती, सहावीतली मुलगी आणि ६९ वर्षांच्या सासूबाई. नवरा-बायको दोघंही नोकरी करतात. सकाळी साडेआठला बाहेर पडतात ते संध्याकाळी सातला परततात. मुलीला शेजारच्या इमारतीतल्या पगचा, म्हणजे चपट्या नाकाच्या बुटक्या कुत्र्याचा लळा लागलाय, तिला तसाच हवा आहे. पती मूळचे जत तालुक्यातले. लहानपणी त्यांच्या शेतावर कारवानी, म्हणजे उंच, सडपातळ देशी शिकारी कुत्रं होतं आणि आत्ता गावी चुलतभावाकडे कारवानी कुत्री व्याली आहे. पिल्लं तीन आठवड्यांची आहेत. घरचं पिल्लू मिळत असताना पैसे मोजून नकटं खेळणं कशाला आणायचं, असं त्यांचं म्हणणं. पत्र लिहिणाऱ्या बाईंचा कौल पगला आहे. त्या लिहितात, ‘फ्लॅट लहान, म्हणून कुत्रंही लहान बरं. सासूबाईंचे गुडघे दुखतात, पण त्या दिवसभर घरी असतातच, त्यामुळे बघायला कुणी नाही असंही नाही. दोन महिने रोज जेवताना हाच वाद चालू आहे. डॉक्टर, तुम्हीच सांगा, कोणतं आणू?’

नमस्कार.

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. एकदा कुत्र्यांसाठी आणि एकदा सासूबाईंसाठी. चार पानी पत्रात त्यांच्या वाट्याला एकच वाक्य आलंय आणि त्या एका वाक्यात सगळं काम त्यांच्या अंगावर पडलंय. त्याकडे नंतर येतोच. आधी तुम्ही जे विचारलंय त्याचं बघू.

‘फ्लॅट लहान, म्हणून कुत्रं लहान’ हे गणित मी दवाखान्यात इतक्यांदा ऐकलंय की आता ते कुणी मांडायला लागलं की मी पेन खाली ठेवतो. कुत्र्याला कार्पेट एरिया कळत नाही. घर लहान पडतं ते कुत्र्याच्या अंगातली रग बाहेर पडायला वाट नसते म्हणून. चाळीतल्या खोलीत शहाण्यासारखी राहिलेली भली मोठी कुत्री मी पाहिली आहेत आणि बंगल्यात सोफ्याचा कापूस करणारी चिमुकली कुत्रीही. तेव्हा पग लहान आहे एवढ्यावर तो सोपा ठरत नाही. तसंच कारवानी उंच आहे एवढ्यावर ते फ्लॅटमध्ये मावणार नाही, असंही नाही.

पगबद्दल मी जरा जास्त बोलणार आहे, कारण तुमच्या मनात तोच आहे.

स्वभाव विचाराल तर पगला नावं ठेवायला जागा नाही. माणसांत रमतो, पोरांनी ओढलं-ताणलं तरी सहन करतो, म्हाताऱ्या माणसाच्या पायाशी तासन् तास पडून राहतो. चीनच्या राजवाड्यांत मांडीवर बसायलाच तयार केलेली ही जात. आपल्याकडे ती घराघरांत पोचली ती २००३ च्या सुमाराला आलेल्या मोबाइल कंपनीच्या जाहिरातीमुळे. त्या पोराच्या मागे मागे चालणारं कुत्रं पाहून किती जणांनी पग आणले, त्याचा हिशेब कुठल्याही गावातल्या पशुवैद्याला विचारा.

अडचण नाकात आहे. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. त्याची उष्णता बाहेर पडते ती मुख्यतः धापा टाकण्यातून, नाकातोंडातल्या ओल्या भागावरून हवा खेळवून. पगचं थोबाड माणसांनी पिढ्यान् पिढ्या निवड करून आखूड केलं, पण आतलं टाळूचं मऊ मांस त्या प्रमाणात आखडलं नाही. तेवढंच सामान लहान पेटीत कोंबलंय. नाकपुड्या चिरेसारख्या अरुंद, मागे टाळू घशात लोंबतेय, अशी अवस्था. त्याचं घोरणं लोकांना गोड वाटतं, व्हिडिओ काढून एकमेकांना पाठवतात. मला ते ऐकताना श्वास अडकलेला प्राणी दिसतो. नेदरलँड्समध्ये २०१९ पासून, ज्यांचं थोबाड कवटीच्या एक तृतीयांशाहूनही आखूड आहे अशा कुत्र्यांची पैदास करायला बंदी आहे. एवढ्या थंड देशाला असा नियम करावासा वाटला. आपल्याकडे तर एप्रिल-मे आहे.

एका मे महिन्यात दुपारी चारच्या सुमाराला एक कुटुंब माझ्याकडे पग घेऊन धावत आलं. लग्नाला निघाले होते. गाडीतला एसी बिघडलेला, पण अर्ध्या तासाचाच तर रस्ता म्हणून काचा खाली करून तसेच गेले. कुत्र्याची जीभ निळसर पडलेली, अंगाचं तापमान थर्मामीटरवर ४२ अंश सेल्सिअस. निरोगी कुत्र्याचं असतं ३८ ते ३९. पाणी मारलं, पंखा लावला, सलाइन लावलं. तीन दिवस गेले, वाचला. त्या घरच्या आजी पैठणी नेसूनच माझ्या बाकावर बसून होत्या. त्या घरात कुणी निष्काळजी नव्हतं. लांब नाकाच्या कुत्र्याने कदाचित रेटून नेलं असतं ते या कुत्र्याला झेपलं नाही, एवढंच.

बाकी डोळे. बाहेर आलेले असल्याने झुडपाची काडी, मांजराचं नख, कशानेही बुबुळावर जखम होते. चेहऱ्यावरच्या घड्या रोज कोरड्या पुसाव्या लागतात, नाहीतर आत ओल धरून त्वचा कुजते. पावसाळ्यात तर हमखास. वजन लगेच वाढतं आणि वजन वाढलं की श्वास आणखी कोंडतो. ‘एक तुकडा पोळी काय होतंय’ म्हणणारी माणसं ज्या घरात असतात, म्हणजे आपल्या सगळ्याच घरांत, तिथले पग पाचव्या-सहाव्या वर्षी पिंपासारखे झालेले असतात. कुत्रं लहान म्हणजे त्रास लहान, हे समीकरण इथे मोडतं. पगला पळवावं लागत नाही हे खरं, पण जपावं खूप लागतं. पिल्लाची किंमत हा त्याच्या आयुष्यातला किरकोळ खर्च असतो.

आता कारवानी. आपण कारवानी म्हणतो, सीमेपलीकडे कर्नाटकात मुधोळ म्हणतात. मुधोळच्या घोरपडे संस्थानिकांनी या कुत्र्यांची जोपासना केली त्यावरून. कुत्र्यांच्या जातींची नोंद ठेवणाऱ्या देशातल्या दोन केनेल संघटनांनीही हा वाद कायम ठेवलाय, एकीच्या दप्तरात ‘कॅरॅव्हान हाउंड’ आणि दुसरीच्या दप्तरात ‘मुधोळ हाउंड’. २००५ साली टपाल खात्याने देशी कुत्र्यांची चार तिकिटं काढली, त्यांत मुधोळ होतं. २०२० मध्ये पंतप्रधानांनी ‘मन की बात’मध्ये त्याचा उल्लेख केल्यावर मला शहरांतून फोन यायला लागले: ‘डॉक्टर, ते आर्मीवालं कुत्रं कुठे मिळेल?’ मी विचारायचो, धावायला कुठे नेणार? पलीकडे शांतता.

कारण हे कुत्रं वासावर नाही, नजरेवर शिकार करतं. माळावर लांब काहीतरी हललं की याचे कान ताठ, आणि आपल्याला कळायच्या आत ते तिथे पोचलेलं. असं कुत्रं दिवसभर धुमाकूळ घालत असेल असं लोकांना वाटतं. उलट आहे. ते थोडा वेळ जीव तोडून पळतं आणि मग तासन् तास झोपतं. वयात आलेलं, रोज व्यवस्थित पळवून आणलेलं कारवानी फ्लॅटमध्ये इतकं शांत पडून राहतं की पाहुण्यांना घरात कुत्रं आहे हे चहा संपेपर्यंत कळत नाही. फारसं भुंकत नाही. अंगाला वास नाही, केस आखूड. आपल्या हवेतलंच, त्यामुळे उन्हाळा पगच्या मानाने कितीतरी बरा सोसतं. थंडी मात्र सोसत नाही. अंगावर चरबी नाही, कातडी कागदासारखी. डिसेंबरात त्याला गोधडी लागेल.

पण हे झालं वयात आलेल्या, पळवून आणलेल्या कुत्र्याचं. पहिली दीड-दोन वर्षं वेगळी असतात. आणि पळवून आणायचं म्हणजे सोसायटीभोवती मोबाइल बघत एक चक्कर नव्हे. रोज सकाळी तास-पाऊण तास भरभर चालणं, आणि आठवड्यातून दोन-तीनदा तरी कुंपण असलेली मोकळी जागा, जिथे पट्टा सोडता येईल. रस्त्यावर याचा पट्टा कधीही सोडायचा नाही, कितीही शहाणं असलं तरी. पलीकडच्या फुटपाथवर मांजर दिसलं तर मधून जाणारी पीएमपीची बस त्याला दिसत नाही.

दुसरी गोष्ट, परक्याने अंगाला हात लावलेला याला खपत नाही. बरीच कारवानी हात चुकवून लांब होतात, पण लिफ्टमध्ये लांब होणार कुठे? पाच मजले, रोज चार वेळा वर-खाली, आणि शेजारचं पोर ‘किती बारीक आहे हो’ म्हणून डोक्यावर हात ठेवणार. या कुत्र्याला तिसऱ्या आठवड्यापासून तिसऱ्या-चौथ्या महिन्यापर्यंत माणसं, गाड्या, लिफ्ट, कुकरची शिट्टी, कचरा न्यायला येणारे, पार्सलवाले, सगळ्यांची ओळख व्हायला हवी. तुमचं पिल्लू यातला अर्धा काळ गावी गोठ्यात काढणार आहे. चुलतभावाला फोन करून सांगा, रोज दोन नवी माणसं त्याला मांडीवर घेऊ देत, मोटारसायकल जवळ चालू करू देत.

(एक गोष्ट कारवानी असलेल्या सगळ्यांसाठी. नसबंदी असो की टाके, भूल द्यायच्या आधी डॉक्टरांना ‘हे कारवानी आहे’ असं तोंडाने सांगा. नोकरीच्या सुरुवातीला मी सांगली जिल्ह्यात एका धनगराच्या कुत्र्याचा काटेरी तारेने फाटलेला खांदा शिवला. तेव्हा वापरात असलेल्या भुलीच्या इंजेक्शनातून इतर कुत्री तास-दोन तासांत उठायची. हे संध्याकाळपर्यंत उठेना. मालक घोंगडी टाकून शेजारी बसलेला आणि मी त्याच्याशी डोळे भिडवायचं टाळतोय. या बांध्याच्या कुत्र्यांच्या शरीरातून काही औषधं हळू उतरतात, हे पुस्तकात वाचलेलं मला त्या दिवशी समजलं. आता औषधं बदलली आहेत, पण सांगा.)

आता तुमच्या घराकडे येतो.

तुमच्या यजमानांना कारवानी हवंय, यात मला नवल नाही. पण त्यांना नक्की काय आठवतंय? शेताच्या बांधावरून पळणारं कुत्रं आणि मागे पळणारे स्वतः. त्या कुत्र्याला पट्टा नव्हता, लिफ्ट नव्हती, आणि मला खात्री आहे, त्याची शी कुणी पिशवीत उचलत नव्हतं. ते कुत्रं त्यांनी पाळलं नव्हतं. ते त्यांच्याबरोबर वाढलं. त्यांना एकदा सहज विचारा, ‘त्याला भाकरी कोण घालायचं?’

माझा अंदाज सांगू? आई घालायच्या. शिळी भाकरी ताकात कुस्करून, उन्हाळ्यात पाण्याचं भांडं सावलीत सरकवून, गोचीड काढून, व्याली की पोत्याचा आडोसा करून. अंदाज बरोबर असेल तर तुमच्या घरात कारवानी पाळण्याचा खरा अनुभव असलेली एकच व्यक्ती आहे आणि दोन महिने जेवताना वाद घालताना तुम्ही तिघांनी तिलाच विचारलेलं नाही.

विचाराल तेव्हा ‘आई, कुत्रं आणू का?’ असं विचारू नका. त्याला त्या ‘आणा की’ म्हणतील. त्या पिढीच्या बायका दुसरं काय म्हणणार. असं विचारा: दुपारी दोन वाजता पिल्लाने हॉलमध्ये शू केली तर ती पुसायला तुम्ही वाकू शकाल का? तुम्हाला दुपारी आडवं व्हायचं असतं, तेव्हा ते ओरडलं तर चालेल का? जन्मभर गुरं-ढोरं, कुत्री-मांजरं केल्यावर आता पुन्हा ते करायची इच्छा आहे का? ‘नाही’ म्हणण्याचा त्यांना पूर्ण हक्क आहे आणि त्या तसं म्हणाल्या तर पग आणि कारवानी दोन्ही प्रश्न तिथेच मिटतात. दुखऱ्या गुडघ्याच्या माणसाच्या हातात कारवानीचा पट्टा मात्र कुठल्याही परिस्थितीत द्यायचा नाही. एक मांजर आणि एक झटका, की खुब्याचं हाड. हे मी घाबरवायला लिहीत नाही. कुत्र्याला टाके घालायला घेऊन आलेले मालक स्वतः प्लॅस्टरमध्ये असलेले मी पाहिलेत.

लेकीचंही एक सांगतो. अकरा वर्षांच्या मुलीने ‘मी सगळं करीन’ म्हटलं तर ती खोटं बोलत नसते, तिला तसं मनापासून वाटतं. पण हिशेब करा. कुत्रं बारा-तेरा वर्षं जगेल. ते ऐन वयात येईल तेव्हा तिची दहावी असेल आणि म्हातारं होईल तेव्हा ती कदाचित दुसऱ्या शहरात असेल. कुत्रं तिच्यासाठी आणा, तिच्या भरवशावर आणू नका. पाणी बदलणं आणि संध्याकाळी केस विंचरणं एवढं काम तिच्याकडे असू द्या.

मग कोणतं? माझं मत स्पष्ट आहे, पटलं नाही तर सोडून द्या. पगचं पिल्लू विकत घेऊ नका. आपल्या हवेत आपल्याच हौसेसाठी श्वासाला महाग झालेला आणखी एक जीव जन्माला घालायला आपण पैसे देतो, असं मला वाटतं. लेकीचा जीव पगवरच असेल तर प्राणिसंस्थांकडे लोकांनी सोडून दिलेले मोठे पग येत असतात. त्यातला एखादा आणा. त्याचं जे बिघडायचं ते आधीच दिसलेलं असतं आणि तुम्ही डोळे उघडे ठेवून घर देता. नाकपुड्या नीट उघड्या आहेत ना, चार मिनिटं चालून धाप किती वेळात उतरते, हे आणण्याआधी डॉक्टरांकडून बघून घ्या.

कारवानी आणायला माझी हरकत नाही, दोन अटींवर. पहिली, आईंचं खरंखुरं ‘हो’, आणि तरीही दुपारी एकदा येऊन कुत्रं खाली नेणारं पगारी माणूस. दुसरी अट यजमानांची आहे, ती शेवटी सांगतो.

आणि तिसरा रस्ता तुमच्या पत्रात आलेलाच नाही, तो म्हणजे दीड-दोन वर्षांचं आपलं साधं गावठी कुत्रं, संस्थेतून आणलेलं. वाढ झालेली, स्वभाव कळलेला, लस आणि नसबंदी बहुधा झालेली, नाक लांब, अंग मध्यम. सकाळ-संध्याकाळ मिळून तासभर चालवलं तरी खूश. दोघं नोकरीला आणि घरी एक वयस्कर माणूस, अशा घरांना मी पिल्लापेक्षा वाढलेलं कुत्रं कधीही आधी सुचवतो. पिल्लाला पहिले काही महिने दर दोन-तीन तासांनी खाली न्यायला माणूस लागतं. ते तुमच्याकडे नाही. कागदावर आहे, सासूबाईंच्या नावाने.

पिल्लूच आणायचं ठरलं तर आठ आठवड्यांच्या आत आईपासून तोडू नका. गावी डोळे उघडले, दूध कमी झालं की पिल्लू पिशवीत घालून देतात. पण भावंडांशी खेळतानाच पिल्लू किती जोरात चावायचं नाही ते शिकतं. ते शाळेचे आठवडे बुडाले तर पुढे तुमच्या लेकीच्या हातावर शिकतं. २०१७ च्या केंद्राच्या नियमांप्रमाणे आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायलाही मनाई आहे. तुमचं विकतचं नसलं तरी कारण तेच. सहा-आठ आठवड्यांपासून लसी सुरू होतात, रेबीजची तिसऱ्या महिन्यात; गावच्या पिल्लाला आधी जंताचं औषध. महापालिकेचा परवाना काढा. सोसायटीची कमिटी ‘कुत्रं चालणार नाही’ किंवा ‘लिफ्ट वापरायची नाही’ असा ठराव करू शकत नाही, पशुकल्याण मंडळाच्या मार्गदर्शक सूचना तशा स्पष्ट आहेत. पण तो कागद खिशात ठेवा, हातात पिशवी ठेवा. शी उचलणाऱ्याशी सहसा कुणी भांडत नाही.

जेवण घरचं चालेल. भाकरी-ताकावर कारवानी पिढ्यान् पिढ्या वाढली, पण ती माळावर ससे-उंदीर मारून बाकीचं भागवत होती, हे लोक विसरतात. पुण्यात त्याला अंडी, चिकन असं काहीतरी लागेल. कांदा, मनुका, द्राक्षं, चॉकलेट कुठल्याच कुत्र्याला नको, आणि आपल्या रश्श्यात कांदा असतोच, तेव्हा ताटातलं उरलेलं बंद.

आता यजमानांची अट. तालीम करायची. कुत्रं न आणता रोज पहाटे साडेपाचला उठून त्यांनी पाऊण तास चालून यायचं, पाऊस असला तरी, रविवार असला तरी, आदल्या रात्री पार्टी झाली असली तरी. परत आल्यावर वर न बसता लगेच दोन मिनिटं पुन्हा खाली जाऊन यायचं, कारण काही पिल्लं घरात शिरल्यावरच शू करतात. रात्री झोपायच्या आधी आणखी एक फेरी. कॅलेंडरवर रोज खूण करायची, आणि खूण लेकीने करायची, त्यांनी नाही. तीन-चार खाडे मी समजून घेईन. दहा झाले तर चुलतभावाला दुसरं घर शोधायला सांगा. त्या पिल्लांना माळ असलेली घरं गावात मिळतील.

पिल्लं आज तीन आठवड्यांची आहेत आणि आठ आठवडे पूर्ण व्हायला पाच बाकी आहेत. उद्या पहाटेचा गजर लावा. तुमच्या फोनवर नको, त्यांच्या.